वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस आणि ९४ चा आकडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या औद्योगिक इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन गाळे एक करून थाटलेलं हे ऑफिस. काम इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं, जोडीला थोडं इंटिरियर. तेरा टेबलं, एक मीटिंगची खोली, खिडकीपाशी प्लॉटर (मोठी ड्रॉइंग छापणारं यंत्र) आणि पॅन्ट्रीच्या दाराशेजारी भिंतीवर टांगलेला छोटा रॅक. मालकीण स्वतः इंजिनिअर, सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"नवीन स्टोरेज घेतलं, त्याच्यासाठी नवीन स्विच घेतला. तरी ड्रॉइंग उघडायला तेवढाच वेळ लागतोय. आता एकजण म्हणतात सगळंच बदला. तुम्ही एकदा बघून जा, मग ठरवते."

ऑफिसचं सगळं नेटवर्क, म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्रं जोडणारं वायरींचं जाळं, बदलायचं कोटेशन त्यांनी मला दाखवलं. त्यात दोन गोष्टी ठासून लिहिल्या होत्या. पहिली अशी, की प्लॉटर, प्रिंटर आणि हजेरीचं मशीन १०० मेगाबिटचं आहे (म्हणजे सेकंदाला एवढाच डेटा; १००० मेगाबिट म्हणजे एक गिगाबिट), ते सगळ्यांचा वेग खाली ओढतंय, म्हणून ते आधी काढा. दुसरी अशी, की स्टोरेजसाठी १० गिगाबिटचा वापरलेला स्विच घ्या. स्विच म्हणजे सगळ्या वायरी ज्याच्या खाचांत, म्हणजे पोर्टांत, येऊन जुळतात ती पेटी. दोन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत. का पटल्या नाहीत ते सांगायला हे प्रकरण पुरेसं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वही

अशा ठिकाणी माझा एक हट्ट असतो. पहिल्या दिवशी काहीही बदलायचं नाही, एकही वायर काढायची नाही. फक्त वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक जोडणी किती वेगाने लागली आहे ते लिहायचं. विंडोजमध्ये नेटवर्कच्या माहितीत 'लिंक स्पीड' दिसतो. स्विचच्या पोर्टवरच्या दिव्याचा रंगही वेग सांगतो, पण कुठला रंग म्हणजे किती हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळे एकाचा हिरवा पाहून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधायचा नाही.

रविवारी ऑफिस रिकामं असताना गेलो. सोबत ऑफिसमधलाच एक तरुण इंजिनिअर आला होता, त्याला या विषयाची आवड आहे. तो टेबलांवरून आकडे ओरडत होता आणि मी रॅकपाशी पोर्ट जुळवत होतो. दोन तासांत चित्र तयार झालं.

रॅकमध्ये दोन मुख्य स्विच. वरचा नवा, आठ पोर्टांचा, प्रत्येक पोर्ट २.५ गिगाबिट. त्यात नवं स्टोरेज, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारी पेटी (यापुढे नॅस म्हणतो), आणि जवळची चार टेबलं. खालचा जुना: सोळा पोर्ट १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त १०० मेगाबिटचे, आणि कडेला दोन पोर्ट गिगाबिटचे. उरलेली नऊ टेबलं, इंटरनेटचा राउटर, प्लॉटर, प्रिंटर, बॅकअपचा जुना पीसी आणि कॅमेऱ्यांचा वेगळा छोटा स्विच, सगळं या जुन्या स्विचवर. नव्या आणि जुन्या स्विचला जोडणारी वायर एकच, आणि ती जुन्या स्विचच्या सोळा नंबरच्या पोर्टमध्ये घातलेली. म्हणजे १०० मेगाबिटच्या पोर्टमध्ये. कडेच्या दोन गिगाबिट पोर्टांपैकी एकात हजेरीचं मशीन होतं, दुसऱ्यावर प्लास्टिकची टोपी अजून तशीच होती.

ही एक वायर समजली तर अर्धं प्रकरण समजलं. नऊ माणसं नॅसवरची फाइल उघडतात तेव्हा नऊही जणांचा डेटा त्या एका १०० च्या वायरीतून येतो. नॅस २.५ चा असो की १० चा, वायरीला त्याचं काही नाही. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० मेगाबिट म्हणजे फाइल कॉपी करताना सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट. एका माणसाने १.२ गिगाबाइटचं मॉडेल ओढलं की पावणेदोन मिनिटं ती वायर त्याचीच. तेवढ्यात आणखी तिघांनी फाइल मागितली की प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर.

याचा उलटा त्रास वरच्या चार टेबलांना होता. नॅस त्यांना झपकन मिळायचा, पण राउटर खालच्या स्विचवर. इंटरनेटची जोडणी ३०० मेगाबिटची, पैसे ३०० चे भरतात आणि वेगाची चाचणी केली की ९४. कुठल्याही टेबलावर, दिवसाच्या कुठल्याही वेळी ९४. मॅडम इंटरनेटवाल्याशी दोन महिने भांडत होत्या. त्यात त्याची चूक नव्हती. १०० मेगाबिटच्या इथरनेटवर, म्हणजे वायरीच्या नेटवर्कवर, पॅकेटांची (डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यांची) वेष्टनं आणि मधल्या मोकळ्या जागा वजा जाता प्रत्यक्ष डेटा ९४ ते ९५ उरतो. गिगाबिटवर तोच हिशेब ९४० च्या आसपास येतो. चाचणीत ९४ वर आकडा खिळून बसला, थोडाही वर-खाली झाला नाही, तर वाटेत कुठेतरी १०० ची जोडणी आहे हे मी डोळे मिटून मान्य करतो. बाहेरची लाइन मंद असेल तर आकडा इतका स्थिर राहत नाही.

मंद मशीन सगळ्यांना ओढतं का?

कोटेशनमधला पहिला मुद्दा आता तपासता येतो. हजेरीच्या मशीनने कुणाचाही वेग ओढलेला नव्हता. त्याने फक्त चुकीची जागा अडवली होती.

ही समजूत आली कुठून तेही सांगतो, कारण ती अगदी निराधार नाही. इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलवर बोलायची. एक बोलतोय तोवर बाकीच्यांनी थांबायचं, दोघं एकदम बोलले की टक्कर. पुढे हब (एकाचं बोलणं सगळ्या पोर्टांवर सोडणारे डबे) आले तरी रीत तीच राहिली, तिथे एकाचा संथपणा खरोखर सगळ्यांच्या अंगावर यायचा. वायफायमध्ये आजही थोडंफार तसंच होतं, हवा एकच असल्यामुळे दूरचा मंद फोन इतरांचा वेळ खातो. स्विचचं तसं नाही. स्विच आलेलं पॅकेट आधी स्वतःजवळ घेतो आणि ज्याचं आहे त्याच्या पोर्टवर त्या पोर्टच्या वेगाने सोडतो. एका पोर्टवर १० चं मशीन, शेजारी १०००, त्याच्या शेजारी २५००, सगळे आपापल्या चालीने चालतात. हजेरीच्या मशीनला दिवसभरात पाठवायचं असतं ते काय, तर अंगठ्यांच्या नोंदी. ते १०० वर आयुष्यभर राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

मिश्र वेगाच्या नेटवर्कमध्ये मंद वस्तू टोकाला असली तर निरुपद्रवी असते. ती वाटेत आली की तिच्या पलीकडचे सगळे मंद होतात. पूर्ण आखणी मी याच एका गोष्टीवर केली.

त्याच रविवारी निघताना मी माझा नियम थोडा मोडला. हजेरीची वायर गिगाबिट पोर्टातून काढून साध्या पोर्टात घातली आणि दोन स्विचमधली वायर त्या गिगाबिट पोर्टात. एक पैसा खर्च नाही. सोमवारी सकाळी तरुण इंजिनिअरचा मेसेज आला, "दादा, सगळे विचारतायत काय केलं." नऊ टेबलं अजूनही १०० वरच होती, पण आता प्रत्येकाला स्वतःचे १०० मिळत होते. आधी नऊ जणांत मिळून १०० होते.

नऊ टेबलं १०० वर का?

कॉम्प्युटर तर सगळे गिगाबिटचे. तरी नऊ टेबलं १०० वर. त्यातली चार सरळ जुन्या स्विचवर होती म्हणून, तो विषय संपला. उरलेल्या पाचांचा मात्र स्विच बदलूनही फायदा झाला नसता, आणि अशा जागी पैसे वाया जातात.

तीन टेबलांवर आयपी फोन (नेटवर्कच्या वायरीवर चालणारे) होते. भिंतीतली वायर फोनमध्ये, फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टातून कॉम्प्युटर. एका पॉइंटवर दोघांची सोय होते, म्हणून ही पद्धत सगळीकडे आहे. पण स्वस्त फोनच्या पोटातला छोटा स्विच १०० चा असतो. कॉम्प्युटर गिगाबिट, भिंत गिगाबिट, आणि मध्ये फोन. हीच ती वाटेतली मंद वस्तू.

दोन टेबलांची गोष्ट यापेक्षा जुनी निघाली. भिंतीवर दोन वेगळे पॉइंट, रॅकमध्ये दोन वेगळे प्लग, पण दोघांच्या मध्ये फॉल्स सीलिंगमधून केबल एकच! टेस्टर लावला तर दोन्हीकडे आठपैकी चारच तारा लागत होत्या. पॉइंटची झाकणं उघडली आणि कोडं सुटलं. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला दोनच लागतात, एक जायला आणि एक यायला. म्हणून पूर्वी केबल वाचवण्यासाठी वायरमन एकाच केबलमधून दोन टेबलं चालवायचे. नारिंगी-हिरवी एकाला, निळी-तपकिरी दुसऱ्याला. त्या काळाच्या हिशेबाने हे काम नीट केलेलं होतं, क्रिंपिंगही (तारांना प्लग बसवणं) सुरेख होतं. पण तांब्यावरच्या गिगाबिटचं मानक १९९९ मध्ये आलं आणि त्याला चारही जोड्या लागतात. प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी २५० मेगाबिट, चार जोड्या मिळून १०००. अर्ध्या केबलवर गिगाबिट कधीच लागणार नाही, मग टोकाला कितीही महाग स्विच ठेवा.

असाच प्रकार एक तार तुटली किंवा गंजली तरी होतो, आणि तो ओळखायला अवघड जातो कारण जोडणी बंद पडत नाही. वरच्या स्विचवरचं खिडकीजवळचं टेबल सकाळी गिगाबिटवर असायचं आणि दुपारी १०० वर. वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवर होतात, त्या शाबूत असतील तर दोन्ही टोकं गिगाबिटचं ठरवतात. मग चारही जोड्यांवर प्रयत्न करतात, जमत नाही, आणि बरीच नेटवर्क कार्डं (कॉम्प्युटरमधला वायर लागते तो भाग) गुपचूप १०० वर उतरतात. वापरणाऱ्याला कळतच नाही. त्या टेबलाच्या पॉइंटवर खिडकीतल्या एसीचं पाणी ठिबकत होतं. झाकण काढलं तर सात आणि आठ नंबरच्या पट्ट्यांवर हिरवट थर. ठाण्याचा पावसाळा आणि वर एसीचं पाणी, दुसरं काय होणार. पॉइंट बदलला, दोन फूट वर सरकवला, एसीवाल्याला पाइपाचा उतार नीट करायला लावला. तिन्ही गोष्टी केल्या म्हणून तो प्रश्न पुन्हा आला नाही.

हिशेबाच्या काकांचं टेबल

सगळ्यात जास्त हाल झाले ते हिशेब पाहणाऱ्या काकांचे. त्यांचं टॅलीचं खातं नॅसवर. व्हाउचर उघडायला कधी दोन सेकंद, कधी दीड मिनिट. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं की काकांचा कॉम्प्युटर जुना आहे, शिवाय काकांना जमत नाही. काका शांत माणूस, पण मला म्हणाले, "अहो, मी वेळेत रिटर्न भरतो तो घरी रात्री बसून. इथे बसून होतच नाही."

त्यांच्या लिंक स्पीडमध्ये १०० दिसत होतं, इतरांसारखंच. पिंग, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ, स्वच्छ, एक मिलिसेकंदाच्या आत. पण नॅसवरून चाळीस मेगाबाइटची फाइल ओढली तर चार मिनिटांच्या वर गेली. १०० च्या जोडणीवर चार सेकंद लागायला हवेत. पिंग चांगलं आणि कॉपी साठपट मंद असेल तर माझा पहिला संशय डुप्लेक्सवर जातो, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात (फुल) की आळीपाळीने (हाफ) यावर.

कार्डाच्या सेटिंगमध्ये गेलो. 'स्पीड आणि डुप्लेक्स' समोर 'ऑटो' असायला हवं तिथे '१०० फुल डुप्लेक्स' हाताने लावलेलं. कधीतरी कुणीतरी जोडणी स्थिर राहावी म्हणून लावलं असणार. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं मानक आलं त्या सुमारास हे वाईट नव्हतं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचं आपसात ठरवताना जुळायचं नाही, म्हणून जाणकार हाताने वेग बांधायचे. तोच सल्ला पुढे पिढीजात चालत आला.

हाताने बांधल्यावर होतं ते असं. काकांचं कार्ड बोलणी करायचं सोडून देतं. समोरचा स्विच ऑटोवर असतो, तो विचारतो, उत्तर येत नाही. सिग्नलवरून त्याला वेग १०० आहे एवढं कळतं. फुल की हाफ हे सिग्नलवरून कळत नाही, आणि अशा वेळी हाफ धरायचं असा मानकातलाच नियम आहे. आता काकांचं कार्ड समजतं की दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. स्विच समजतो की एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. स्विच काही पाठवत असताना काकांकडून काही आलं की स्विच त्याला टक्कर मानतो, आपलं पॅकेट अर्धवट सोडतो आणि पुन्हा पाठवतो. पिंगमध्ये एक प्रश्न, एक उत्तर, त्यामुळे टक्कर होत नाही आणि सगळं छान दिसतं. खरं काम सुरू झालं, दोन्हीकडून डेटा वाहू लागला, की तुकडे पडायला लागतात. टॅली सतत छोटे छोटे तुकडे मागतं आणि देतं, त्यामुळे त्याचे सगळ्यात जास्त हाल.

'ऑटो' केलं. तीच चाळीस मेगाबाइटची फाइल चार सेकंदांत आली. काकांनी ती मला आणखी दोनदा कॉपी करायला लावली.

इतकी वर्षं त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. मी मॅडमना मुद्दाम बोलावून तो सेटिंगचा पडदा दाखवला, आणि काकांसमोरच दाखवला.

काय घेतलं, काय ठेवलं

१० गिगाबिटच्या वापरलेल्या स्विचला मी नाही म्हटलं, कारण तांब्यावरचं १० गिगाबिट २००६ चं आणि २.५ गिगाबिटचं मानक २०१६ चं. मोठं आधी आलं, मधलं नंतर. त्यामुळे १० गिगाबिटच्या बऱ्याच जुन्या पोर्टांना २.५ ही भाषाच माहीत नसते. २.५ चा नॅस त्यात लावला तर दोघांना येणारी समान भाषा उरते १ गिगाबिट, आणि नॅस आहे त्यापेक्षा मंद होतो. शिवाय त्या नॅसमध्ये दोन हार्ड डिस्क एकीची नक्कल दुसरीत अशा लावलेल्या. मोठी सलग फाइल वाचताना त्या सेकंदाला १९० मेगाबाइटच्या आसपास देत होत्या. २.५ गिगाबिटची वायर त्यापेक्षा जास्त वाहून नेते. डिस्कच पुरी पडत नसताना १० गिगाबिट घेऊन ठेवायचं कुठे?

आखणी अशी ठरली. वरचा २.५ चा स्विच राहील, त्यावर नॅस आणि थ्रीडीचं काम करणारी दोन टेबलं, त्या दोघांच्या कॉम्प्युटरला २.५ चे पोर्ट आहेतच. खाली सेटिंग बदलता येणारा चोवीस पोर्टांचा गिगाबिट स्विच, त्यावर बाकीची अकरा टेबलं, राउटर आणि बॅकअपचा पीसी. जुना १०/१०० चा स्विच फेकायचा नाही, तो सगळ्यात शेवटी, त्यावर प्लॉटर, प्रिंटर, हजेरी आणि फोन. सगळे मंद एका टोकाला, त्यांच्या पलीकडे कुणी नाही.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. सहा कॅमेरे, प्रत्येकी चार मेगाबिट, एकूण चोवीस. १०० च्या पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या) स्विचला हे काहीच नाही. फक्त रेकॉर्डर मॅडमच्या केबिनमध्ये होता, त्यामुळे चोवीस तास हे चित्रीकरण अख्ख्या ऑफिसच्या नेटवर्कमधून फिरत होतं. रेकॉर्डर त्याच पीओई स्विचवर आणला, गर्दी जागच्या जागी राहिली.

सामान आणायला मी आणि तो तरुण लॅमिंग्टन रोडला गेलो. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. ऑनलाइन मिळतं, पण केबल मी हातात घेतल्याशिवाय घेत नाही. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याच्या नावाने सर्रास येते. वजनाला हलकी लागते, आणि तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी. ती वाकवताना लवकर तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज न्यायची तर तापतेही. आम्ही शुद्ध तांब्याची कॅट-६ प्रतीची केबल घेतली. ऑफिसातली जुनी केबल त्याखालच्या कॅट-५ई प्रतीची होती, ती बदलली नाही. तिच्यावर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं आणि २.५ सुद्धा, आणि या ऑफिसातली सगळ्यात लांब केबल तीस मीटरसुद्धा नव्हती.

फोनच्या तीन टेबलांपैकी दोघांकडे पाइपात जागा होती, तिथे दुसरी केबल ओढली. तिसऱ्याने सांगितलं मला टेबलावर फोन नकोच, तो फोन रिसेप्शनला गेला. अर्ध्या केबलवरच्या दोन टेबलांसाठी सीलिंग फोडावं लागलं असतं. त्याऐवजी चारही जोड्या एकाच पॉइंटला लावल्या आणि दोन टेबलांच्या मध्ये पाच पोर्टांचा छोटा गिगाबिट स्विच ठेवला. दोघांत मिळून एक गिगाबिट, पण आधीच्या १०० पेक्षा कितीतरी बरं. सगळं नवं सामान मिळून सोळा हजारांच्या आत बसलं.

दीड वाजताची तक्रार

काम संपलं असं मी समजलो होतो. तिसऱ्या दिवशी फोन आला. सगळं झकास चाललंय, फक्त दुपारी दीडच्या सुमाराला सगळ्यांचं अडखळतं, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुटतं. थ्रीडीवाल्या दोघांचंही, आणि ते तर नॅसच्याच स्विचवर.

जेवणाच्या सुट्टीत काय सुरू होतं? बॅकअप. नॅस त्या वेळी दिवसभराच्या फाइली बॅकअपच्या जुन्या पीसीवर ढकलतो. त्या पीसीचं कार्ड १०० चं. टोकाची वस्तू, म्हणून मी निर्धास्त होतो. पण नव्या स्विचमध्ये 'फ्लो कंट्रोल' चालू होता, आणि तो मीच चालू ठेवला होता.

फ्लो कंट्रोल म्हणजे स्विचची साठवण भरत आली की त्याने पाठवणाऱ्याला 'थांब' असा निरोप द्यायचा. ऐकायला सोयीचं वाटतं. अडचण अशी, की हा निरोप एका माणसासाठी नसतो, पूर्ण वायरीसाठी असतो. घोडबंदर रोडवर एखाद्या मॉलमध्ये वळणाऱ्या गाड्यांची रांग मुख्य रस्त्यावर आली की ज्यांना मॉलशी काही देणंघेणं नाही तेही अडकतात, तसं झालं. बॅकअपचा पोर्ट १०० ने रिकामा होतोय, नॅसकडून त्याच्या कित्येक पटीने येतंय. खालच्या स्विचने वरच्याला 'थांब' सांगितलं, म्हणजे अकरा टेबलांचा येणारा डेटाही थांबला. मग वरच्याची साठवण भरली, त्याने नॅसलाच 'थांब' सांगितलं. नॅस थांबला की त्याच्या शेजारचे थ्रीडीवालेही थांबले. आधी हे दिसलं नव्हतं, कारण नऊ टेबलं दिवसभर रांगेतच असायची.

चोवीस पोर्टांच्या स्विचवर फ्लो कंट्रोल बंद केला. आता बॅकअपच्या पोर्टवर जास्त झालेली पॅकेटं स्विच सरळ टाकून देतो. पॅकेट हरवलं की टीसीपी, म्हणजे कॉम्प्युटरमधली डेटा नीट पोचवायची पद्धत, आपण होऊन त्या एका संवादाचा वेग कमी करतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. दुसऱ्या दिवशी दीडला मी स्वतः तिथे बसून राहिलो. मॅडमनी डब्यातली भाजी-भाकरी पुढे केली, मी जेवत जेवत दोन टेबलांवर मोठ्या फाइली कॉपी करून पाहत होतो. अडखळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या पीसीला गिगाबिटचं कार्डही घातलं, कारण बॅकअप दोनच्या आत संपलेला बरा. पण फ्लो कंट्रोल बंदच ठेवला.

जुलैअखेरची वही

महिन्याने पुन्हा तीच वही घेऊन गेलो. तेराही टेबलं गिगाबिट किंवा त्याच्या वर. १.२ गिगाबाइटचं मॉडेल साध्या टेबलावर अकरा सेकंदांत, थ्रीडीच्या टेबलांवर सहा-सात. इंटरनेटच्या चाचणीत २९० च्या आसपास, मॅडमनी इंटरनेटवाल्याला फोन करून तक्रार मागे घेतल्याचं सांगितलं. प्लॉटर आणि हजेरीचं मशीन १०० वर, जसं होतं तसं.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवला आहे, आणि वहीतली यादी रॅकच्या दाराला आतून लावली आहे. कुठली वायर कुठल्या पोर्टात आणि किती वेगाने लागायला हवी, एवढंच त्यात आहे. तरुण इंजिनिअर महिन्यातून एकदा ती यादी आणि लिंक स्पीड जुळवून पाहतो.

एक काम राहिलं आहे. टेबलांमधला तो छोटा स्विच मला आवडत नाही. खाली जमिनीलगत आहे, केर काढताना मावशींचा झाडू त्याच्या अडॅप्टरला लागतो आणि एकदा तो निघालाही होता. दिवाळीच्या सुट्टीत रंगकामासाठी सीलिंगचे दोन चौकोन उघडणार आहेत. तेव्हा तिथून दुसरी केबल ओढायची, आणि ओढताना तिच्यासोबत एक रिकामी नायलॉनची दोरीही पाइपात सोडून ठेवायची, असं मॅडमशी ठरलं आहे.